ब्रेकबाईंचे दोन वकील

गावातल्या निम्म्या लोकांना ब्रेकबाईंनी गाडी शिकवली होती आणि त्यातल्या एकावरही त्यांचा विश्वास नव्हता. शिकवायच्या गाडीत मास्तरणीच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो अडीअडचणीला दाबायचा असतो. बाईंचा पाय त्यावरून कधी उठलाच नाही. मांजर दिसलं की दाबला, मांजर दिसेल असं वाटलं की दाबला. शिकणारा बिचारा म्हणायचा, "बाई, मी दाबणारच होतो." यावर बाई म्हणायच्या, "होतास ना? मग मी दाबला तर तुझं काय बिघडलं?" आता याला कोण काय बोलणार, कप्पाळ! म्हणून तर नाव पडलं ब्रेकबाई, आणि ते त्यांना आवडायचंही.

त्यांच्या नवऱ्याला सगळे पाटीमास्तर म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत काठीला लावलेल्या रंगीत पाट्या हातात धरून ते रस्त्याचे नियम शिकवायचे. शांत माणूस. बायकोच्या अगदी उलट, समोरचा जे सांगेल ते खरं धरून चालणारा. घर त्यांनीच बांधलेलं. म्हणजे गवंडी होता, पण फरश्या मास्तरांनी बसवल्या, खिडक्या त्यांनी रंगवल्या आणि मागच्या अंगणात गाडी उलटी लावायची सवय व्हावी म्हणून पांढरे पट्टे त्यांनी ओढले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ते अंगण. एवढंच, पण अंगणाशिवाय शिकवणी नाही आणि शिकवणीशिवाय चूल नाही.

दोन नव्या गाड्या घ्यायच्या म्हणून हे घर बँकेकडे गहाण ठेवलं होतं. सगळं सुरळीत चाललेलं असताना मास्तर शिडीवरून पडले. पाठीचं एक ऑपरेशन झालं, ते फसलं म्हणून दुसरं झालं. एक गाडी विकली, ती दवाखान्यात गेली. हप्ते थकत गेले. मग बँकेची नोटीस आली की सगळी बाकी भरा, नाहीतर घराचा लिलाव होईल. मास्तर पाठीला पट्टा बांधून भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "वकील बघायला हवा."

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," बाई म्हणाल्या.

"आपण शहाणे असतो तर नोटीस आली असती का?" मास्तर म्हणाले.

पहिला माणूस घरी आला तो वकील नव्हताच. मास्तरांच्या धाकट्या भावाने, म्हणजे बाईंच्या दिराने, तो आणला. गुळगुळीत दाढी, बोटात दोन अंगठ्या, जिभेवर साखर. म्हणाला, "वहिनी, वकिलाच्या भानगडीत पडूच नका. घर तात्पुरतं माझ्या नावावर करा. बँक बसेल हात चोळत. वादळ शमलं की पुन्हा तुमच्या नावावर."

"आणि तुमच्या नावावरून परत आलंच नाही तर?"

"वहिनी, जग विश्वासावर चालतं."

"जग चालत असेल. मी ब्रेकवर चालते. ते दार दिसतंय ना तुम्हाला?"

दीर रुसला, महिनाभर फिरकला नाही. पण मग कानावर आलं की याच गुळगुळीत माणसाने पलीकडच्या वस्तीत दोन घरं गिळली आहेत. एका म्हातारीकडे तर तो तिच्याच घराचं भाडं मागत होता. दीर खाली मान घालून सांगायला आला, तेव्हा बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "बघा," त्या मास्तरांना म्हणाल्या, "मी उगाच का ब्रेक मारते?" खरं सांगायचं तर तिथेच घोटाळा झाला. माणसाचा संशय एकदा खरा ठरला की तो त्याच्या अंगात येतो, मग उतरायचं नाव घेत नाही.

त्यानंतर बाईंनी वकिलांच्या पायऱ्या झिजवल्या. एकाने तोंड उघडायच्या आत फी मागितली. दुसरा बाई बोलत असताना फोनवर कुणाशी तरी बंगल्याच्या रंगाचं बोलत होता. तिसऱ्याने टेबलावर हात आपटून सांगितलं, "शंभर टक्के जिंकणार!" बाई उठल्याच. पहिल्या दिवशी स्टिअरिंग धरणारा जो पोरगा "मला सगळं येतं" म्हणतो, तो हमखास खांबाला गाडी घालतो हे त्यांना पाठ होतं.

शेवटी वकील सापडली ती मास्तरांना. त्यांच्या पाठीचा व्यायाम घ्यायला जी बाई यायची, तिच्या बहिणीचं घर असंच जाता जाता वाचलं होतं. ते वाचवणारी वकीलबाई एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर बसायची आणि फक्त गहाण घरांचीच कामं करायची.

तिच्या ऑफिसला जायचं तर लाँड्रीतूनच जावं लागे. दोन्ही बाजूंना लोकांचे शर्ट टांगलेले, मधून वाफेचे लोट, इस्त्रीवाले घामाने निथळत असलेले. लाकडी जिना चढून वर गेलं की एक खोली. वकीलबाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. खालच्या वाफेने त्यांचा चष्मा सारखा धुरकट व्हायचा आणि त्या बोलता बोलता तो पदराला पुसायच्या. त्यांनी बाईंचे कागद अथपासून इतिपर्यंत वाचले. मास्तरांना जिना चढून आल्याने कळ लागली होती, तर आपली स्वतःची उशीची खुर्ची त्यांना दिली आणि आपण स्टुलावर बसल्या.

"जिंकून देते असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "हप्ते थकलेत, ते खरंच आहे. लिलाव थांबवून बँकेला तडजोडीला बसवायचं, थकबाकी तुकड्या-तुकड्याने फेडायची, एवढंच आपल्या हातात. होईल असं वाटतं. फी तीन टप्प्यांत द्या. आत्ता थोडी, काम कोर्टात उभं राहिलं की थोडी आणि तडजोड झाली तरच उरलेली. प्रत्येक वेळी पावती देईन."

बाईंनी आकडा ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळायच्या ऐवजी काळवंडला. "एवढी स्वस्त कशी काय?"

"ज्यांचं घर चाललंय त्यांच्याकडे माझ्यासाठी असं किती उरणार?"

झालं! बाईंच्या मनात पाल चुकचुकली. इतकं गोड कोण बोलतं? ज्याला दुसरीकडून मिळतं तो. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी कुठली तुमची?"

"मला गाडी येत नाही हो. बसने येते."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. गाडी चालवता येत नाही आणि आपला खटला चालवणार! मास्तरांनी मात्र पैसे काढून टेबलावर ठेवले होते.

"एकच अट आहे," वकीलबाई पावती फाडत म्हणाल्या. "बँकेशी जे काही बोलायचं ते मी बोलणार. तुम्ही काही लिहायचं नाही आणि कुणाकडून लिहून घ्यायचं नाही. तडजोड म्हणजे नाजूक काम. एका तोंडाने विनवणी आणि दुसऱ्या तोंडाने धमकी झाली की बँक मागे सरते."

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "हात बांधून ठेवले की आत काय शिजतंय ते कुणाला कळत नाही."

"कुणाचे हात?" मास्तरांनी विचारलं. ते एकेक पायरी धरून उतरत होते.

"आपले. कुठेतरी पाणी मुरतंय, मी सांगते तुम्हाला."

"अगं, खाली लाँड्री आहे. पाणी मुरणारच."

मास्तर स्वतःच्या विनोदावर हसले आणि पाठीत कळ आली म्हणून लगेच थांबले. बाई हसल्या नाहीत.

पुढचे काही आठवडे वकीलबाई फोनवर एकच सांगत. "चालू आहे. धीर धरा." कोर्टातून एकदा तारीख मिळाली, लिलाव पुढे गेला. मास्तर खूश झाले. बाईंना वाटलं, पुढे ढकललाय, म्हणजे आपल्याला गाफील ठेवायचा डाव आहे. त्या दिवशी तारखेला बँकेचा वकील त्यांनी पाहिला होता. टक्कल असलेला, ढेरपोट्या, सारखा घड्याळ बघणारा. त्याचं तोंड बाईंनी नीट लक्षात ठेवलं.

आणि मग ती दुपार आली. बाई एका बँडवाल्याला गाडी शिकवत होत्या. तो लग्नाकार्यात मोठा ढोल वाजवायचा आणि क्लचही ढोलासारखाच हाणायचा. कोर्टाच्या रस्त्याला गाडी आली आणि बाईंनी कचकन ब्रेक दाबला. बँडवाल्याचं कपाळ स्टिअरिंगला लागता लागता राहिलं.

"बाई, कोण आलं मध्ये?"

कोणी आलं नव्हतं. समोर एक राखाडी गाडी उभी होती. टकल्या वकील तिचं दार उघडून धरत होता आणि आत बसत होत्या कोण? आपल्या वकीलबाई! नुसत्या बसत नव्हत्या, हसत होत्या. चष्मा काढून, डोळे पुसून हसत होत्या.

"त्या राखाडी गाडीच्या मागे घे," बाई म्हणाल्या.

"मागे? बाई, मला अजून तिसरा गिअर येत नाही."

"दुसऱ्यात घे. पण सोडू नकोस तिला."

काय ती वरात! पुढे राखाडी गाडी आणि मागे डोक्यावर 'शिकाऊ' अशी पाटी मिरवणारी, दर दहा पावलांना उचकी खाणारी बाईंची गाडी. मागच्यांनी भोंगे वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. बँडवाला घामाघूम झाला. राखाडी गाडी बसथांब्यापाशी थांबली, वकीलबाई उतरल्या, खिडकीत वाकून टकल्याशी आणखी काहीतरी बोलल्या, पुन्हा दोघं हसले आणि गाडी निघून गेली. वकीलबाई बसच्या रांगेत उभ्या राहिल्या. एवढंच झालं. पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसणार. बाईंना दिसलं ते असं की आपलं घर त्या दोघांनी आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत, वाटून घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तर एका पाटीचा उडालेला रंग भरत होते.

"हसत होते म्हणजे काय गुन्हा झाला? एका कोर्टात काम करतात, ओळख असणारच."

"चोर चोर मावसभाऊ! कोर्टात भांडायचं नाटक आणि गाडीत खिदळायचं?"

"मग जाऊन विचार तिला."

"चोराला विचारायचं का, की बाबा चोरी केलीस का?"

मास्तरांनी ब्रश पाण्यात बुडवला. "तू आधीच ठरवलंयस," ते म्हणाले. "मग मला कशाला सांगतेस?"

म्हणून पुढचं बाईंनी मास्तरांना सांगितलंच नाही. वकीलबाईंना काढून टाकायची हिंमत नव्हती. तारीख जवळ आली होती, दोन टप्प्यांचे पैसे गेले होते. मग बाईंनी तेच केलं जे त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. चालवणारा एक असला तरी दुसरा ब्रेक आपल्याकडे हवा. त्यांनी दुसरा वकील केला, पहिलीवर नजर ठेवायला, आणि पहिलीला कळू दिलं नाही.

हा दुसरा म्हणजे बाईंचाच विद्यार्थी. गाडी उलटी घेणं त्याला पहिल्याच दिवशी जमलं होतं आणि सरळ नेणं महिनाभर जमलं नव्हतं, म्हणून बाईंनी त्याचं नाव ठेवलं रिव्हर्स. आता त्याचं काचेच्या दाराचं ऑफिस होतं, दारात दोन कुंड्या होत्या. बाईंना पाहून तो खुर्चीतून उठला, वाकून नमस्कार केला. बाईंना बरं वाटलं. ओळखीचा माणूस. याची मांडी थरथरताना मी पाहिलीय, हा मला काय फसवणार?

"बाई, दुसरा कोणी वकील दिलाय का?" कागद चाळत त्याने विचारलं. "असेल तर मला आधी त्यांच्याशी बोलावं लागेल. तशी रीत आहे आमच्यात."

बोलावं लागेल म्हणे! म्हणजे फोन करणार, म्हणजे तोही हसणार. सगळे एकाच माळेचे मणी.

"नाही," बाई म्हणाल्या. "कोणी नाही."

"मग सोपं आहे. या बँकेला सज्जड दम भरतो. व्याजाचा हिशोब चुकीचा, नोटीस चुकीची, आम्हाला काही मान्य नाही, उलट नुकसानभरपाई द्या. थेट मोठ्या ऑफिसला पाठवतो. हबकतील. फीचं काय बाई, तुमच्याकडून काय घ्यायचं?"

"फुकटचं औषध लागू पडत नाही," बाई म्हणाल्या. शेवटी ठरलं की रिव्हर्सच्या बायकोला बाई गाडी शिकवतील. आणि शिकवलीही. रोज सकाळी त्या कष्टाळू बाईला मागच्या अंगणातल्या पट्ट्यांमध्ये गाडी लावायला शिकवताना ब्रेकबाईंना वाटायचं, हेच अंगण वाचवायचं चाललंय ना, मग यात चूक ती काय?

पत्र गेलं. आठवड्याभरात वकीलबाईंचा फोन आला. आवाजात कधी नाही तो उत्साह होता. "परवा बँकेत बोलावलंय. तडजोडीला तयार आहेत. मास्तरांनाही आणा, सही लागेल."

मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बाईंनी स्वतःला समजावलं की दम भरला म्हणूनच बँक वाकली. म्हणजे आपलंच डोकं चाललं! त्या मनातल्या मनात फुशारल्या.

बँकेच्या वरच्या मजल्यावर एक लांबलचक बोळ होता, भिंतीला लागून तीन खुर्च्या. मास्तर एका खुर्चीत बसले. वकीलबाईंनी चष्मा पुसला, बाईंना जरा बाजूला घेतलं.

"आत जायच्या आधी एक विचारते. बँकेच्या वकिलाचा सकाळी फोन होता, जरा तुटक बोलले. तसे ते बोलत नाहीत. महिनाभर त्यांना मी येता-जाता पटवतेय, कोर्टात, चहाच्या टपरीवर, त्यांच्या गाडीत बसून. परवापर्यंत सगळं ठीक होतं. तुमच्याकडून बँकेला काही गेलंय का? तुम्ही लिहिलं असेल, मास्तरांनी लिहिलं असेल, कोणाकडून लिहून घेतलं असेल. काहीही असो, रागावणार नाही. आत्ता सांगा. मला माहीत असेल तर मी सांभाळून घेईन."

बाईंच्या कानात एकच शब्द अडकला, गाडीत. म्हणजे ते हसणं त्यासाठी होतं? पण लगेच दुसरं मन म्हणालं, बघ, पकडली जाईन या भीतीने आधीच सारवासारव करतेय. आणि हिला पत्राचं कसं कळलं? टकल्याने सांगितलं असणार. आता तुझ्याच तोंडून वदवून घेईल आणि मग म्हणेल, अट मोडलीत, तडजोड गेली, माझा दोष नाही.

"नाही," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"अहो, सांगितलं ना नाही म्हणून!"

वकीलबाईंनी मान हलवली. त्यांनी विश्वास ठेवला. इतका सहज ठेवला की बाईंना क्षणभर तोंड उघडावं असं वाटलं. पण दार उघडलं होतं आणि आतून बोलावणं आलं होतं.

आत बँकेचा अधिकारी होता, टकल्या वकील होता, मधे एक चकचकीत टेबल. टकल्या आज कोणाकडे बघत नव्हता. वकीलबाई बसल्या बसल्याच म्हणाल्या, "साहेब, माझे अशील सरळ माणसं आहेत. थकले, पण कधी बँकेला उलट शब्द बोलले नाहीत. मी स्वतः खात्री देते."

अधिकाऱ्याने फाइलमधून एक कागद काढून त्यांच्यासमोर सरकवला. "मग हे काय आहे?"

वकीलबाईंनी वाचलं. चष्मा स्वच्छ होता तरी काढला, पुसला आणि परत वाचलं. मास्तर वाकून बघू लागले. काचेच्या दाराच्या ऑफिसचं नाव वर ठळक छापलेलं होतं.

"मोठ्या ऑफिसला आम्हीच शिफारस पाठवली होती," अधिकारी म्हणाला. "हप्ते लावून द्या, माणसं चांगली आहेत, असं लिहून. त्याच दिवशी त्यांच्या टेबलावर हे पडलं. आता ते म्हणतात, ज्यांना आमचं कर्जच मान्य नाही त्यांच्याशी तडजोड कसली? विषय संपला. लिलाव होणार."

"हे माझ्या माहितीत नव्हतं," वकीलबाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही आत्ताच खात्री दिलीत," टकल्या हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि ते ब्रेकबाईंना स्पष्ट दिसलं. दिसून आता काय उपयोग! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंना तिथेच, त्या चकचकीत टेबलाखाली, शिरावंसं वाटलं.

वकीलबाई मात्र उठल्या नाहीत. घसा बसेस्तोवर बोलल्या. तडजोड गेलीच होती. शेवटी मिळालं ते एवढंच की लिलाव होईपर्यंत मध्ये काही दिवस दिले, तेवढ्यात यांनी स्वतः घर विकून बँकेचे पैसे भरले तर भरू द्यायचे. लिलावात मातीमोल जाण्यापेक्षा चार पैसे हातात राहतील.

बोळात आल्यावर मास्तर पुन्हा त्याच खुर्चीत बसले.

"शिव्या द्या मला," ब्रेकबाई म्हणाल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," वकीलबाई म्हणाल्या. "इथे, याच जागी."

"मला वाटलं तुम्ही त्यांना सामील आहात."

"तेही विचारायचं होतंत. सांगितलं असतं." त्यांनी फाइल छातीशी धरली. "मी काम सोडत नाही. घर नीट विकलं जाईपर्यंत आहे. पण यापुढे तुम्ही जे सांगाल ते मी आधी दुसरीकडून तपासून बघणार. त्याला वेळ लागतो. त्याचे वेगळे पैसे पडतील."

"घ्या," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

रिव्हर्सला सांगायला गेल्या तर त्याने कपाळावर हात मारला. "बाई, मी तोंडावर विचारलं होतं तुम्हाला! दुसऱ्याच्या कामात पाय घातला म्हणून आता मला बोल लागेल, ते वेगळंच." त्याने कुंड्यांपर्यंत सोडायला यायचंही टाळलं. त्याच्या बायकोचं शिकणं मध्येच राहिलं.

त्या दिवशी घरी परतताना गाडीत मास्तर एकदाच बोलले. "मला तरी सांगायचं होतंस."

"तुम्ही जाऊन तिला सांगितलं असतंत."

"हो. सांगितलंच असतं," मास्तर म्हणाले. "आणि घर राहिलं असतं." मग ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंना रडू आलं, ते त्यांनी आवरलं नाही. रडत रडतच गाडी घरी आणली.

घर बघायला माणसं येऊ लागली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, पण वासे जागेवर होते, माणसंच फिरून फिरून बघत होती. कोणी फरशीवर टाच आपटायचं, कोणी भिंतीला कान लावायचं. मास्तर प्रत्येकाला सांगायचे, ही फरशी मी बसवलीय, हलणार नाही. ऐकणारे "बरं बरं" म्हणायचे आणि पुन्हा टाच आपटायचे.

घेतील असं वाटलं ते एक जोडपं. नवरा दातांचे साचे बनवायचा, बायको शाळेत शिपाई होती. गोड बाई, पण नजर धारदार. व्यवहार बोलायचा म्हणून त्या दिवशी वकीलबाईही आल्या होत्या, बसने. स्वयंपाकघरात सगळे उभे होते. खुर्च्या दोनच उरल्या होत्या, बाकीच्या विकल्या होत्या.

"एवढ्या स्वस्तात का देताय?" शिपाईबाईंनी विचारलं. "ओल आहे का? की भाऊबंदकी?"

"काही नाही हो," ब्रेकबाई म्हणाल्या. "बँकेचे हप्ते थकले. तेवढंच कारण. छप्पर गळत नाही, भिंतीत ओल नाही, कोणाचा हक्क नाही. मी तुमच्यापासून काही लपवत नाही."

शब्दन् शब्द खरा होता. शिपाईबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वकीलबाईंकडे वळून, ब्रेकबाई तिथे नसल्यासारखं, सरळ विचारलं, "तुम्ही इतके दिवस यांचं काम बघताय. विश्वास ठेवावा का यांच्यावर?"

मास्तरांनी वर पाहिलं. ब्रेकबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. आता ही म्हणेल, ठेवा, असं त्यांना वाटलं. एवढं तर कोणीही म्हणतं. वकिलाचं कामच ते.

वकीलबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"कागदांवर ठेवा," त्या म्हणाल्या. "कागद मी स्वतः तपासलेत."

शिपाईबाईंनी नवऱ्याकडे बघून मान डोलावली. त्यांना तेवढं पुरलं. वकीलबाई खोटं बोलल्या नव्हत्या, आणि हे त्या खोलीत ब्रेकबाईंइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"या," त्या शिपाईबाईंना म्हणाल्या, "मागचं अंगण बघायचं राहिलंय तुमचं."